पाण्याखालचें छायाचित्र आणि मोठ्या दिव्याचा मोह

छंदाला मोल नसतें असें म्हणतात. परंतु छंदाच्या साहित्याला तें असतें, आणि दरवर्षीं तें वाढतच जातें. ज्यास चित्रें काढण्याचा नाद लागला, त्यास अधिक भारी कुंचला हवासा वाटतो; ज्यास क्रिकेटचा नाद लागला, त्यास आपली बॅट हलकी आहे असें वाटूं लागतें. दोष हाताचा कीं हत्याराचा, ह्याचा निवाडा होण्याच्या आधींच खिसा रिकामा होतो. हा निवाडा कसा करावा, हें एका उदाहरणावरून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दाखवावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे. उदाहरण आम्हीं मुद्दाम जरा दूरचें घेतलें आहे. तें म्हणजे समुद्रांत बुडी मारून पाण्याखालचीं छायाचित्रें घेण्याचें.

कोणी म्हणेल, हिंगोली जिल्ह्याचा व समुद्राचा संबंध काय? आमच्याकडे कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. सिद्धेश्वर व ईसापूर ह्या धरणांचे विस्तीर्ण जलाशय आहेत. पण खारें पाणी पाहावयाचें तर निम्मा महाराष्ट्र ओलांडून सह्याद्रि उतरावा लागतो. तथापि मुलें शिकून बाहेर पडतात, व दूरच्या गांवीं त्यांना नवे छंद लागतात. आमच्या शाळेंतून शिकून गेलेला, वसमत तालुक्यांतील एका हळद पिकविणाऱ्या कुटुंबांतला तरुण सध्यां पुण्यास नोकरी करतो. त्यानें मालवणजवळ तारकर्ली येथें बुडी मारण्याचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि आतां वर्षांतून दोनदां तो तेथें जातो. त्याच्याजवळ एक बरा कॅमेरा व एक लहान दिवा आहे. आतां त्यास दोन मोठे दिवे हप्त्यांनीं घ्यावयाचे आहेत. घ्यावे कीं न घ्यावे, हें त्यानें आम्हांस पत्रानें विचारलें. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या वडिलांनींहि भेटीस येऊन तोच प्रश्न केला. मुलास वाटतें कीं दिव्यावांचून आपली कला अडली आहे. वडिलांस वाटतें कीं तेवढ्या पैशांत शेतावरचा पंप येतो. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात. म्हणून प्रश्न नीट उलगडून पाहिला पाहिजे.

प्रथम हा दिवा म्हणजे काय तें सांगूं. ह्यास स्ट्रोब म्हणतात. लग्नसमारंभांत छायाचित्रकाराच्या यंत्रावर जो फ्लॅश लखलखतो, त्याचाच हा पाण्यांत टिकणारा भाऊबंद होय. पाणी आंत शिरूं नये म्हणून तो रबरी कड्यांनीं घट्ट बंद केलेला असतो, आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंस निघालेल्या सांधेदार दांड्यांच्या टोकाला बसवितात. कॅमेऱ्याची कळ दाबतांच तो सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता पेटतो व विझतो. मग पुढील लखलखाटासाठीं त्यांत वीज पुन्हां भरून यावी लागते. हें भरणें बॅटरीवर आपोआप होतें, पण त्यास सेकंद-दोन सेकंद लागतात.

असा दिवा हवाच कशाला, दिवसां समुद्रांत उजेड नसतो काय? असतो, परंतु त्या उजेडांत सगळे रंग नसतात. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशांत अनेक रंग मिसळलेले आहेत, हें लोलकाचा प्रयोग पाहिलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पाणी हे सर्व रंग सारख्या प्रमाणांत पुढें जाऊं देत नाहीं. तांबडा रंग तें सर्वांत आधीं गिळतें. स्वच्छ समुद्रांतहि सुमारें ५ मीटर खोलीवर तांबड्याचा बहुतेक भाग नाहींसा होतो. १० मीटरांच्या सुमारास नारिंगी व २० मीटरांच्या सुमारास पिवळा फिका पडतो. निळा मात्र पुष्कळ खोलवर पोंचतो. म्हणूनच खोल पाण्यांत बोट कापलें तर रक्त लाल न दिसतां हिरवट-काळें दिसतें. प्रवाळाचा केशरी रंग, माशाच्या अंगावरचा तांबडा पट्टा, हीं सर्व तेथें असतात. पण तीं उजळण्यास लागणारा प्रकाशच वरून खालीं आलेला नसतो. स्ट्रोब तो प्रकाश बरोबर घेऊन जातो. तेव्हां दिवा मुळींच नको, असें म्हणतां येणार नाहीं. लहान दिवा हातीं असतां मोठा घ्यावा काय, एवढाच प्रश्न उरतो.

दिव्याची ही अडचण आजची नाहीं. लुई बूतां ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८९३ सालीं भूमध्यसमुद्राच्या कांठीं बान्यूल येथें पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां पिंपावर कांचेच्या आवरणांत स्पिरिटाचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतींत मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची युक्ति योजावी लागली. १९२६ सालीं लाँगले व मार्टिन ह्या दोघां अमेरिकनांनीं फ्लॉरिडाच्या समुद्रांत माशाचें रंगीत छायाचित्र घेतलें. पाण्याखालचीं पहिलीं रंगीत छायाचित्रें तीं हींच. त्या वेळीं पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड भडकविण्यांत आली होती. पुढें हॅरल्ड एजर्टन ह्यांनीं विजेचा फ्लॅश व्यवहारांत आणला, आणि १९५३ पासून त्यांनीं समुद्रसंशोधक झाक कुस्तो ह्यांच्याबरोबर काम केलें. ह्या लोकांच्या पिंपांशीं व तराफ्यांशीं तुलना केली, म्हणजे आज हातांत सहज धरतां येणारा लहानसा स्ट्रोबदेखील केवढा सोयीचा आहे हें कळतें.

आतां मोठ्या दिव्यानें नेमकें काय मिळतें तें गणितानें पाहूं. दिव्याचा जोर दाखविण्यासाठीं कारखानदार एक अंक देतात. त्यास गाईड नंबर म्हणतात. हा अंक हवेंत मोजलेला असतो. पाण्यांत तो पुष्कळच उतरतो. इनॉन ह्या जपानी कारखान्याच्या एस-२००० नांवाच्या लहान दिव्याचा अंक २० व झेड-३३० नांवाच्या मोठ्या दिव्याचा ३३ दिलेला आहे. प्रकाश ह्या अंकाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. वीसाचा वर्ग ४०० व तेहतीसाचा १०८९. म्हणजे मोठ्याचा प्रकाश लहानाच्या सुमारें पावणेतीनपट झाला. ऐकतांना ही वाढ मोठी वाटते. परंतु अंतराचा नियम येथें आडवा येतो. दिव्यापासून वस्तु दुप्पट दूर नेली, तर तिच्यावर पडणारा प्रकाश निम्मा न राहतां चौथाई राहतो. ही हवेंतली गोष्ट झाली. पाण्यांत ह्याखेरीज पाणी स्वतःच प्रकाश गिळतें, आणि तेंहि दोनदां: दिव्यापासून वस्तूपर्यंत जातांना एकदां, व वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंत येतांना दुसऱ्यांदा. अगदीं निर्मळ पाणी घेतलें, तरी नारिंगी प्रकाशाचा सुमारें पांचवा भाग दर मीटरास नाहींसा होतो. म्हणून १ मीटरावरची वस्तु २ मीटरांवर गेली, कीं तिच्यावरून कॅमेऱ्यांत पोंचणारा नारिंगी प्रकाश चौथाईहि न राहतां सहाव्या हिश्शावर येतो.

हाच हिशेब उलट मांडून पाहा. समजा, दिव्याचा जोर दुप्पट केला. तर जें चित्र १ मीटरावरून मिळत होतें, तसेंच चित्र आतां किती अंतरावरून मिळेल? दोन मीटरांवरून, असें उत्तर वर्गांतील निम्मीं मुलें देतील. खरें उत्तर सुमारें १.३ मीटर असें आहे. वर सांगितलेला पावणेतीनपट प्रकाशाचा दिवा घेतला, तरी मजल दीड मीटरापर्यंतच जाते. उलट, लहान दिवाच ठेवून पाणबुड्या १ मीटरावरून ६५ सेंटीमीटरांवर सरकला, म्हणजे फार तर दीड वीत पुढें गेला, तर त्यास मोठ्या दिव्याइतकाच प्रकाश मिळतो. दीड वीत पुढें सरकण्यास कांहीं पैसे पडत नाहींत. आणि हा सगळा हिशेब अगदीं निर्मळ पाण्याचा आहे. पाणी जितकें गढूळ, तितकी मोठ्या दिव्याची मजल आंखूड, व जवळ जाण्याचा लाभ अधिक.

ह्या तत्त्वाचें एक भव्य उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत उभें राहत आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा बांधण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. एकमेकींशीं काटकोनांत असलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून तेथें लेसरचा प्रकाश धांवणार आहे. तेथील शास्त्रज्ञ केवळ प्रखर प्रकाश योजून स्वस्थ बसणार नाहींत; त्या नळ्यांतील हवाच काढून टाकावयाची आहे, कारण हवेचा अल्पसा अडथळाहि त्या सूक्ष्म मापनांत घोटाळा करतो. दिवा आणि पाहणारा ह्यांच्यामध्यें जें कांहीं असतें, त्याचा विचार दिव्याइतकाच करावा लागतो, हें त्यावरून ध्यानांत येईल. पाणबुड्यास समुद्राचें पाणी काढून टाकतां येत नाहीं. परंतु आपल्या व वस्तूच्या मधलें पाणी कमी करणें त्याच्या हातीं असतें. जवळ जाणें ह्याचा अर्थ एवढाच.

मधलें पाणी केवळ प्रकाश गिळूनच थांबत नाहीं. तें प्रकाश विखुरतेंहि. पत्र्याच्या छपराला भोंक असलें, कीं त्यांतून येणाऱ्या उन्हाच्या कवडशांत धुळीचे कण नाचतांना दिसतात. खोलींत धूळ सर्वत्रच असते. पण जेथें प्रकाश पडतो तेथेंच ती डोळ्यांस दिसते. समुद्राच्या पाण्यांत वाळूचे बारीक कण, गाळ व सूक्ष्म जीव तरंगत असतात. दिवा कॅमेऱ्याच्या अगदीं जवळ असला व सरळ समोर रोखलेला असला, कीं भिंगाच्या पुढचा प्रत्येक कण उजळतो, आणि छायाचित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. दाट धुक्यांत मोटारीचा वरचा मोठा दिवा लावला तर रस्ता दिसेनासा होऊन समोर पांढरी भिंत उभी राहते. शहाणा चालक अशा वेळीं दिवा खालीं करतो. त्याप्रमाणेंच गढूळ पाण्यांत मोठा दिवा चुकीच्या ठिकाणीं धरला, तर तो माशाआधीं गाळालाच प्रकाशित करतो.

हें आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं अवश्य करून पाहावें. कांचेची एक रुंद बरणी पाण्यानें भरा व तींत दुधाचे चार-पांच थेंब टाकून ढवळा. बरणीच्या पलीकडच्या कांचेला बाहेरून, आंतल्या बाजूस तोंड करून, एक लहानसें रंगीत चित्र चिकटवा. खोलींत अंधार करा. प्रथम बॅटरीचा दिवा आपल्या डोळ्याशेजारीं धरून समोरून प्रकाश पाडा. चित्राच्या आड एक पांढुरका पडदा दिसेल. नंतर तोच दिवा बरणीच्या कडेस नेऊन प्रकाश बाजूनें तिरपा असा पाडा, कीं तो चित्राजवळच पोंचावा व तुमच्या डोळ्यासमोरचें पाणी अंधारांत राहावें. पडदा बराच विरळ होईल. आतां अधिक जोराचा दिवा घेऊन पहिल्या जागेवरून पुन्हां पाहा. चित्र अधिक उजळेल, पण पडदाहि तितकाच उजळेल. दोहोंतलें प्रमाण जसेंच्या तसें राहील. दिव्याचा जोर व दिव्याची जागा ह्यांत काय भेद आहे, तें ह्या चार आण्यांच्या प्रयोगानें जितकें पटतें, तितकें जाहिरातीच्या पुस्तकानें पटत नाहीं. म्हणूनच जाणते पाणबुडे आपले दिवे दांड्यांवर दूर बाजूंस व किंचित् मागें ठेवतात, आणि प्रकाशाच्या झोताची केवळ कड वस्तूवर पडेल असे बाहेरच्या दिशेस वळवितात.

आणखी एक फसवणूक पाणी करतें. बादलींत टाकलेलें नाणें वर आल्यासारखें दिसतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. सपाट कांचेच्या चष्म्यांतून पाहणाऱ्या पाणबुड्यास १ मीटरावरचा मासा पाऊण मीटरावर आहेसा भासतो. तो दिवा त्या भासणाऱ्या जागेवर रोखतो. झोत माशाच्या पुढच्या रिकाम्या पाण्यांत पडतो, मासा काळा राहतो व ठिपके मात्र उजळतात. मग घरीं येऊन तो म्हणतो, दिवा कमी पडला!

आतां मालवणच्या पाण्याकडे वळूं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचें क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तेथें प्रवाळ आहेत, खडकांच्या आडोशास रंगीबेरंगी मासे आहेत, आणि शिकाऊ पाणबुड्यास पुरेल इतकें सौंदर्य आहे. परंतु हा समुद्र किनाऱ्याजवळचा व उथळ आहे. देवबागजवळ कर्ली नदी आपला गाळ घेऊन समुद्रास मिळते. लाटा तळची वाळू ढवळतात. पावसाळ्यांत तर बुड्या बंदच असतात. पांच-सात मीटरांपलीकडचें नीट दिसत नाहीं, असे दिवस तेथें पुष्कळ येतात. पुराच्या वेळीं कयाधूचें पाणी ओंजळींत घेऊन पाहणाऱ्या आमच्या वाचकांस गढूळपणा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको; मालवणचें पाणी तितकें गढूळ नसतें, पण प्रकाशाला अडविण्यास पुरेसें असतें. अशा ठिकाणीं दूरच्या दृश्यावर मोठ्या दिव्यांचा मारा करण्यापेक्षां हातभर अंतरावरचे लहान जीव टिपणें फलदायी होतें, आणि त्या कामास लहान दिवा पुरून उरतो.

मग मोठे दिवे बनवितात तरी कोणासाठीं? त्यांचेंहि खरें काम आहे, व तें सांगितल्याशिवाय हा विचार एकांगी होईल. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०० किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळयुक्त उंचवटा आहे. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यानें तेथील पाणी पुष्कळ निर्मळ असतें. लक्षद्वीप व अंदमान येथेंहि तशीच स्थिति आहे. अशा पाण्यांत रुंद भिंगानें मोठा प्रवाळखडक टिपावयाचा असला, किंवा चित्रांत वरचा सूर्यहि घ्यावयाचा असला, तर त्या प्रखर उजेडाच्या जोडीस उभा राहील असा जोराचा दिवा लागतो. मोठ्या दिव्याचा झोत सहसा रुंद व मऊ पडतो, त्यामुळें चित्राच्या कडा काळ्या राहत नाहींत. त्यांत वीज लवकर भरते. मासे झपाट्यानें हालचाल करीत असतां एकामागून एक चित्रें घेणारास हा मोठाच लाभ असतो. शिवाय मोठा दिवा निम्म्या जोरावर चालविला तरी भागतें, म्हणून एका बॅटरींत अधिक चित्रें होतात. ज्याचा हा व्यवसाय आहे, किंवा जो वर्षांतून चाळीस-पन्नास बुड्या मारतो, त्यास हे लाभ खरोखर उपयोगाचे आहेत.

लहान दिव्याचा धनी असलेल्या हौशी माणसानें मात्र खरेदीपूर्वीं पुढील परीक्षा करावी. आपल्या शेवटच्या शंभर छायाचित्रांतून फसलेलीं सर्व निवडावीं व त्यांचे चार ढीग करावे. पहिल्या ढिगांत हललेलीं व अस्पष्ट चित्रें. हा दोष तरंगण्याच्या कौशल्याचा. दुसऱ्यांत पांढऱ्या ठिपक्यांनीं भरलेलीं. हा दिव्याच्या जागेचा. तिसऱ्यांत निळसर व फिकट, हा अंतराचा. चौथ्या ढिगांत तीं चित्रें ठेवावीं, जीं हातभर अंतरावरून घेतलीं, दिवा नीट रोखलेला होता, त्याचा कांटा पूर्ण जोरावर होता, आणि तरीहि अंधारीं आलीं. मोठ्या दिव्यानें सुधारतो तो हा चौथा ढीग. तो रिकामा असला, तर विचार तेथेंच संपला. ज्याच्या दिव्याचा कांटा पूर्ण जोरावर क्वचितच जातो, त्यानें आणखी जोर विकत घेऊन तो ठेवावयाचा कोठें?

चौथ्या ढिगांत कांहीं चित्रें निघालीं, तरीहि एक फुकटचा उपाय शिल्लक असतो. हल्लींच्या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता कमीजास्त करतां येते. ती २०० वरून ४०० केली, कीं दिव्याचा जोर दुप्पट केल्यासारखाच परिणाम चित्रावर होतो. पार्श्वभूमीचें पाणीहि त्यानें उजळतें खरें, पण झडपेचा वेग वाढवून तें बऱ्याच अंशीं आवरतां येतें. एवढें करूनहि भागत नसेल, तर पुढच्या सफरीपुरता मोठा दिवा भाड्यानें किंवा मित्राकडून उसना मिळवून, त्याच जागीं दोन्ही दिव्यांनीं चित्रें घ्यावीं व घरीं येऊन शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. ज्यास फरक ओळखतां येणार नाहीं, त्यानें त्या फरकासाठीं पैसे मोजूं नयेत.

पैशांचा आंकडाहि लहान नाहीं. आज लहान स्ट्रोबास सुमारें चाळीस हजार व मोठ्यास साठ-सत्तर हजार किंवा अधिक रुपये पडतात. दोन मोठे घेतले कीं लाखाची मर्यादा ओलांडली. त्यांच्याबरोबर दांड्या, सांधे, बॅटऱ्या व रबरी कडीं आलीं. आणि खाऱ्या पाण्याचा एक थेंब आंत शिरला, तर सर्वच वाया जाण्याची धास्ती आली. कड्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी शिरतें. म्हणून प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्यांत भिजविणें व कडीं पुसून चिकटपणा लावणें ही निगा चुकत नाहीं. वर्षांतून दोन सफरी करणाऱ्याजवळ हें सामान बहुतेक काळ कपाटांतच राहणार, व हप्ते मात्र दर महिन्यास येणार.

ह्या हिशेबांत आणखी एक पक्ष आहे. त्याला बोलतां येत नाहीं, म्हणून आम्हीच त्याच्यातर्फे बोलतों. तो म्हणजे प्रवाळ. खडकासारखा दिसणारा प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह असतो, आणि त्यांतील कित्येक भरीव जाती वर्षांत एका सेंटीमीटराच्या आसपासच वाढतात. आपल्या देशांत खडकनिर्मिति करणाऱ्या प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं स्थान देण्यांत आलें. म्हणजे कायद्यानें त्यांचा मान वाघाच्या पंक्तीचा आहे. दोन बाजूंस दोन लांब दांड्या व जड दिवे घेतलेला, पण पाण्यांत स्थिर तरंगतां न येणारा पाणबुड्या म्हणजे भांड्यांच्या दुकानांत शिरलेला बैलच होय. त्याची एक लाथ पन्नास वर्षांची वाढ मोडूं शकते. तेव्हां सामान वाढविण्यापूर्वीं तरंगणें साधणें हें केवळ चांगल्या चित्रासाठीं नव्हे, तर ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्या जीवासाठींहि आवश्यक आहे.

वरील सर्व विचारावरून आम्हीं त्या तरुणास असें लिहिलें, कीं दोन मोठे दिवे हप्त्यांनीं घेण्याचा बेत सध्यां सोडावा. त्याच पैशांतल्या थोड्या भागांत तारकर्लीस एक-दोन अधिक फेऱ्या कराव्या व स्थिर तरंगण्याचा अभ्यास पक्का करावा. ढिगांची परीक्षा करून, एकाच बाजूनें प्रकाश पडल्यामुळें दुसऱ्या बाजूस काळी सांवली येते असें दिसलें, तर आहे त्याच जातीचा दुसरा लहान दिवा शिलकेंतून घ्यावा; त्याचा उपयोग एका मोठ्या दिव्याहून अधिक होईल. पुढें कधीं निर्मळ पाण्याकडे वरचेवर जाणें घडूं लागलें, आणि चौथा ढीग खरोखरच वाढूं लागला, तर मोठा दिवा घेण्यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. त्याच्या वडिलांसहि आम्हीं एक गोष्ट सांगितली. मुलगा दिवा मागतो ह्याचा अर्थ तो उधळ्या झाला असा नव्हे. जें आपल्या सात पिढ्यांनीं पाहिलें नाहीं तें तो पाहून आला आहे, आणि तें घरच्यांस खऱ्या रंगांत दाखवावें अशी त्याची उत्कंठा आहे. त्या उत्कंठेला नकार देऊं नये. तिला हिशेब शिकवावा.

विद्यार्थ्यांनीं ढिगांची ही रीत समुद्रापुरती ठेवूं नये. अक्षर चांगलें येत नाहीं म्हणून नवें पेन मागणाऱ्यानें आपलीं मागील पंधरा पानें समोर घ्यावीं, आणि कोणता दोष पेनाचा, कोणता कागदाचा, कोणता घाईचा, हें वेगळें काढावें. सायकल, बॅट, बाजाची पेटी, गणकयंत्र, सर्वांस ही कसोटी लागूं पडते. पालकांनींहि मुलाची मागणी एकदम मान्य किंवा अमान्य न करतां, 'तुझे ढीग दाखव' असें म्हणावें. ज्या मुलानें आपल्या चुका प्रामाणिकपणें निवडल्या, त्यास बहुधा मागणीची जरूर उरत नाहीं. आणि उरली, तर ती वस्तु त्यास आनंदानें घेऊन द्यावी.